भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम : पडद्याआडच्या आई-बाळांपर्यंत दवाखाना नेणाऱ्या नवाब

भोपाळच्या जुन्या शहरात कुणालाही सहज विचारा, तुमचा जन्म कुठला? घरातली सर्वांत म्हातारी बाई सांगेल, घरीच, दाईच्या हातचा. तिची मुलं आणि नातवंडं मात्र बऱ्याचदा एकच नाव घेतील : सुलतानिया. सुलतानिया जनाना अस्पताल. या शहराच्या कितीतरी पिढ्यांनी पहिला श्वास तिथे घेतला. पण हे नाव कुणाचं, हे आज विचारलं तर फार थोड्या जणांना सांगता येतं.

ते नाव नवाब सुलतान जहाँ बेगम यांचं. १९०१ ते १९२६ अशी पंचवीस वर्षं त्यांनी भोपाळ संस्थानावर राज्य केलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती म्हणून त्यांची आठवण अधूनमधून निघते. शिक्षणावरच्या भाषणांत त्यांचा उल्लेख होतो. पण त्यांच्या कामाचा एक मोठा भाग शाळा-कॉलेजांच्या बाहेरचा होता. बाळंतीण बाई, तान्हं मूल, पाण्याची घागर, देवीची लस, आजाऱ्याची खाट, अशा घरातल्याच गोष्टींशी तो जोडलेला होता. आज त्याच सुलतान जहाँ बेगमची गोष्ट सांगायची आहे.

बेगमांचं घराणं

भोपाळचा इतिहास थोडा वेगळा आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, या मुस्लिम संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हाती होता. आधी कुदसिया बेगम, मग त्यांची मुलगी सिकंदर बेगम, तिची मुलगी शाहजहान बेगम आणि शेवटी सुलतान जहाँ बेगम. पणजी, आजी, आई आणि मुलगी.

प्रत्येकीने आपापली खूण मागे ठेवली. कुदसिया बेगम यांनी शहरात नळाच्या पाण्याची सोय केली. सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हज करून आल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. शाहजहान बेगम यांनी ताज-उल-मसाजिद या भव्य मशिदीचं काम सुरू केलं. इंग्लंडमधल्या वोकिंगची मशीदही त्यांच्याच देणगीतून १८८९ मध्ये उभी राहिली आणि आजही त्यांचंच नाव मिरवते.

अशा घरात ९ जुलै १८५८ रोजी सुलतान जहाँ जन्मल्या. आजी सिकंदर बेगमच्या देखरेखीखाली त्या वाढल्या. कुराण, फारसी, उर्दू, इंग्रजी, हिशेब, घोडेस्वारी, सगळं शिकल्या. १८७५ मध्ये अहमद अली खान यांच्याशी त्यांचा निकाह झाला आणि पाच लेकरं झाली : बिल्किस जहाँ, नसरुल्लाह, उबैदुल्लाह, आसिफ जहाँ आणि सर्वांत धाकटा हमीदुल्लाह.

दोन मुलींच्या कबरी

वरून पाहिलं तर सगळं आलबेल. पण महालातही दुःख दार ठोठावतंच.

शाहजहान बेगम यांनी दुसरा विवाह केल्यानंतर मायलेकींत अंतर पडत गेलं. थोरली नात बिल्किस आजीकडे वाढत होती. दोन घरांमधला तो एकच धागा होता. साधारण बारा वर्षांची असताना बिल्किस आजारी पडली आणि अल्लाहला प्यारी झाली. धागा तुटला. त्यानंतर आई आणि मुलगी एकाच शहरात राहूनही वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत.

दुसरी मुलगी आसिफ जहाँ. तीही चौदाव्या वर्षाच्या सुमारास, १८९४ मध्ये गेली. त्याच वर्षी धाकटा हमीदुल्लाह जन्मला. एकाच वर्षी एक जनाजा आणि एक पाळणा. ज्या बाईने हे सोसलंय, तिला पुढे कोणी सांगावं लागलं नाही की लेकरू गमावणं म्हणजे काय. दौलत, हकीम, नोकर-चाकर सगळं हाताशी असताना दोन मुली गेल्या. मग ज्यांच्या घरी यांतलं काहीच नाही, त्यांचं काय होत असेल?

हे त्या बोलून दाखवत असत का, यापेक्षा पुढे त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. राज्य हाती आल्यावर युनानी वैद्यक शिकवणारी जी शाळा त्यांनी उभी केली, तिला नाव दिलं आसिफिया. गेलेल्या मुलीचं नाव रोग्यांच्या सेवेला लावलं. सदका-ए-जारिया यालाच म्हणतात.

तख्त आणि एकटेपणा

१९०१ मध्ये शाहजहान बेगम यांचं तोंडाच्या कर्करोगाने निधन झालं आणि सुलतान जहाँ तख्तावर आल्या. वय बेचाळीस. सहा-सात महिन्यांतच, जानेवारी १९०२ मध्ये, पती अहमद अली खान अचानक गेले. सल्ला देणारा सर्वांत जवळचा माणूस उरला नाही.

काळही कठीण होता. मागच्या काही वर्षांतल्या दुष्काळांनी प्रजा खचली होती, खजिना रोडावला होता. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग रेल्वेच्या वाटेने देशभर पसरत होता. मुंबई-पुण्याच्या जुन्या घराण्यांत आजही त्या प्लेगच्या गोष्टी सांगितल्या जातात : गावाबाहेरच्या झोपड्या, घरात शिरून तपासणी करणारे गोरे सोजीर, पडद्यातल्या बायकांना बाहेर काढल्यावर उठलेला संताप. सरकारचं औषध म्हटलं की लोक दाराला कडी लावायचे, ते उगाच नव्हे. जबरदस्तीने केलेल्या आरोग्यसेवेवर लोकांचा भरवसा बसत नाही, हे त्या काळाने सगळ्या देशाला दाखवून दिलं होतं.

१९०३ च्या अखेरीस बेगम साहिबा मुंबईहून जहाजाने हजला निघाल्या. परत आल्या त्या थेट कामाला लागल्या.

पडदा होता, म्हणून दवाखाना घराकडे

त्या काळी बाईमाणसाचा इलाज कसा व्हायचा, हे आज ऐकून विश्वास बसणार नाही. खानदानी घरातली बाई पुरुष डॉक्टरपुढे जाणार नाही. हकीम आला तर पडद्याआडून हात पुढे यायचा आणि त्या नाडीवरून सगळं ओळखायचं. पोटात दुखतंय की छातीत, हेसुद्धा दुसऱ्याच कुणी तरी सांगायचं. बाळंतपण अडलं तर मग दुआ आणि दाई, एवढंच. यात हिंदू-मुसलमान असा फरक फारसा नव्हता. वरच्या घरांत सगळीकडे हेच.

यावर दोन टोकांची उत्तरं त्या वेळी ऐकू यायची. एक म्हणायचा, आधी पडदा सोडा, मग दवाखान्यात या. दुसरा म्हणायचा, पडदा आहे म्हणजे इलाजाचं नशिबात नाही, सबर करा. सुलतान जहाँ बेगम यांनी दोन्ही मानलं नाही. त्या स्वतः पडदा पाळणाऱ्या होत्या. दरबारात, प्रवासात, १९११ मध्ये लंडनमध्ये राज्याभिषेकाच्या सोहळ्यालाही त्या बुरख्यातच गेल्या. पडद्याच्या बाजूने त्यांनी पुस्तकही लिहिलं. पण पडदा हे बाईच्या मरणाचं कारण होता कामा नये, हे त्यांचं पक्कं होतं. बाई बाहेर येत नसेल, तर बाई डॉक्टर, बाई परिचारिका आणि शिकलेली दाई तिच्यापर्यंत गेली पाहिजे.

पाया आईच्या काळात घातला गेला होता. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने देशभर स्त्रियांच्या दवाखान्यांसाठी निधी उभा राहिला आणि त्या लाटेत भोपाळमध्येही शाहजहान बेगम यांनी लेडी लॅन्सडाउन यांच्या नावाने बायकांचा दवाखाना सुरू केला. सुलतान जहाँ यांनी त्याला खरी ताकद दिली. डॉक्टर बायका आणल्या, स्वतंत्र जनाना व्यवस्था पक्की केली, परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. नवाब स्वतः पाठीशी उभ्या आहेत म्हटल्यावर ज्या घरांतून बाईने उंबरा ओलांडणं अवघड होतं, तिथूनही हळूहळू डोल्या दवाखान्याकडे येऊ लागल्या.

दाईला हाकललं नाही, शिकवलं

बेगम साहिबांच्या सगळ्या कामात मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते दायांचं काम.

दाई म्हणजे मोहल्ल्यातली हक्काची बाई. आईचं बाळंतपण तिनेच केलेलं, लेकीचंही तीच करणार. रात्री-अपरात्री येणार, जच्चाला धीर देणार, चाळीस दिवस मालिश करणार. लोकांचा सगळा भरवसा तिच्यावर. पण तिला जंतू म्हणजे काय ते माहीत नव्हतं. नाळ कापायची ती हाताला लागेल त्या सुरी-विळ्याने, त्यावर काहीबाही लावायचं. मग आठवड्याभरात बाळाला धनुर्वात. इकडे आईला बाळंतज्वर. घरचे म्हणायचे, नजर लागली, साया पडला.

त्या काळच्या अनेक डॉक्टरांचा सूर असा की या अडाणी दायाच सगळ्या रोगाचं मूळ, त्यांना बंद करा. पण बंद करून काय होणार होतं? दवाखान्यात सगळ्या बाळंतिणींना पुरेल एवढ्या खाटा नव्हत्या आणि दाईवाचून बाळंतपण होतं, यावर कुणाचा विश्वासही नव्हता. सुलतान जहाँ यांनी दायांनाच दवाखान्यात बोलावलं. डॉक्टर बायकांच्या हाताखाली त्यांना शिकवायचं : हात कसे धुवायचे, हत्यार कसं उकळायचं, नाळ कशी बांधायची आणि कापायची, कोणतं बाळंतपण आपल्या हातचं नाही हे कधी ओळखायचं आणि डॉक्टरला कधी बोलवायचं. शिकलेल्या दाईला प्रमाणपत्र, आणि हे शिक्षण घेतल्याशिवाय धंदा करू नये असा आग्रह.

विचार करा, यात किती हुशारी होती. भरवसा जिथे आधीच होता तिथेच ज्ञान नेऊन ठेवलं. दार तेच, हात तोच, फक्त तो हात आता धुतलेला होता. दिल्लीत हकीम अजमल खान यांनीही १९०९ मध्ये स्त्रियांना वैद्यक आणि सुईणीचं काम शिकवण्यासाठी जनाना मदरसा सुरू केला, तो याच विचाराने. सुधारणा बाहेरून आणून डोक्यावर आदळायची नाही, समाजाच्या आतूनच तिला वाट काढून द्यायची.

हकीम आणि डॉक्टर यांच्याबाबतही हेच. युनानी दवाखाने त्यांनी बंद केले नाहीत. सामान्य माणूस हकिमाकडे जातो, तर हकीम नीट शिकलेला असू दे, म्हणून आसिफिया शाळा. आणि जिथे शस्त्रक्रियेची, लसीची गरज, तिथे पाश्चात्त्य वैद्यक. त्यांच्या मते दोन्हींमध्ये भांडण लावण्यात रोग्याचा काहीच फायदा नव्हता.

लस, पाणी आणि गल्ली

देवीचा रोग त्या काळी घरोघर मुलं न्यायचा. जी वाचायची, त्यांच्या चेहऱ्यावर व्रण, कुणाचे डोळे गेलेले. लस होती, पण लोक घाबरायचे. लसीत काय आहे, मुलाला ताप आणून मारणार तर नाहीत ना, ही शंका आजची नाही, शंभर-सव्वाशे वर्षं जुनी आहे. बेगम साहिबांनी आपल्या राज्यात देवीच्या लसीकरणाची मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली आणि त्यामागे स्वतःचं वजन उभं केलं. नवाब मुसलमान, हज करून आलेल्या, पडदा पाळणाऱ्या, दीनदार. त्यांनी लसीची बाजू घेतली की हे दीनच्या विरुद्ध आहे असं म्हणणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

दुसरीकडे पाणी. पणजीने दिलेली पाण्याची सोय त्यांनी सुधारली. गटारं, कचरा, बाजारातली स्वच्छता यांची जबाबदारी नगरपालिकेकडे होती. ती नगरपालिका लोकांना उत्तर देणारी असावी, म्हणून पुढे तिच्यासाठी निवडणुका सुरू केल्या. मुलांचे जुलाब आणि पटकी हे औषधापेक्षा पाण्याने जास्त थांबतात, ही साधी गोष्ट त्यांना नीट कळली होती.

नवाबांची लेखणी

एवढं करून भागत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. दवाखान्यात बाई वर्षातून एकदा येणार, घरात ती रोज असते. म्हणून त्यांनी लेखणी हाती घेतली. त्यांच्या उर्दू पुस्तकांची यादी मोठी आहे, आणि त्यांत आरोग्याची किती आहेत पाहा : तंदुरुस्ती, बच्चों की परवरिश, हिदायत तीमारदारी. एक शरीर निरोगी ठेवण्यावर, एक मुलांच्या संगोपनावर, एक आजाऱ्याच्या सेवेवर. राज्य चालवणारी व्यक्ती तान्ह्या बाळाच्या संगोपनावर पुस्तक लिहिते, हे तेव्हाही नवलाचं होतं आणि आजही आहे.

ही पुस्तकं सोप्या घरगुती उर्दूत, घरच्या बाईसाठी लिहिलेली. नवी वैद्यकीय माहिती सांगायची, पण ती दीनच्या चौकटीत बसवून. पाकी, वुजू, गुस्ल, खाण्यापिण्यातला संयम, हे सगळं मुसलमान घरात आधीपासून आहे. मग घराची हवा, पाण्याचं भांडं आणि बाळाचं दुपटं स्वच्छ ठेवणं हे त्याचंच पुढचं पाऊल, असा त्यांचा रोख.

वाचता न येणाऱ्यांसाठी मैफल होती. भोपाळमध्ये त्यांनी बायकांसाठी प्रिन्सेस ऑफ वेल्स लेडीज क्लब काढला. नाव इंग्रजी, पण आत पूर्ण पडदा. तिथे हिंदू-मुसलमान घरच्या बायका एकत्र यायच्या आणि आरोग्य, मुलांचं संगोपन, प्रथमोपचार यांवर बोलणं व्हायचं. ज्या बायका आयुष्यभर आपल्याच आंगणात राहिल्या, त्यांना दुसरीच्या मुलाचा ताप कसा उतरला हे इथे कळायचं.

शिक्षणाचं कामही याच धाग्यातलं. तख्तावर आल्यावर लवकरच मुलींसाठी सुलतानिया शाळा, हिंदू मुलींसाठी बिरजीसिया कन्या पाठशाला, आणि १९१८ मध्ये राज्यात मोफत, सक्तीचं प्राथमिक शिक्षण. मुलगी शिकली तर डॉक्टर, परिचारिका मिळणार. नाही झाली तरी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचू शकणारी आई मिळणार. १९१४ मध्ये अलीगढच्या मुलींच्या वसतिगृहाचं उद्घाटन त्यांनी केलं आणि १९२० मध्ये त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

शेवटची वर्षं

नशिबाने मात्र पाठ सोडली नाही. १९२४ या एकाच वर्षात नसरुल्लाह आणि उबैदुल्लाह हे दोन्ही थोरले मुलगे गेले. पाच लेकरांपैकी चार या आईने आपल्या डोळ्यांसमोर मातीआड केली. उरलेल्या हमीदुल्लाहला गादी मिळावी म्हणून सदुसष्टाव्या वर्षी लंडनपर्यंत जाऊन त्यांनी इंग्रज सरकारशी झगडा केला आणि १९२६ मध्ये स्वतः तख्त सोडून ते त्याच्या हाती दिलं.

त्यानंतरही त्या घरी बसल्या नाहीत. जानेवारी १९२७ मध्ये आपल्या पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई तिच्या अध्यक्ष होत्या. पुढच्या वर्षी दिल्लीत दुसरं अधिवेशन झालं, त्याच्या अध्यक्षस्थानी होत्या सुलतान जहाँ बेगम. आयुष्यभर पडद्याची बाजू घेणाऱ्या या बाईने अखेरच्या वर्षांत स्वतः पडदा सोडला. काहींना ते आवडलं, काहींना नाही. पण त्यांचा दवाखाना कधीच पडद्याच्या आत-बाहेर असण्यावर अवलंबून नव्हता. १२ मे १९३० रोजी भोपाळमध्ये त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या संस्थानिक होत्या, इंग्रजांशी निष्ठावान होत्या, त्यांच्या हाती खजिना आणि हुकूम होता. सगळ्यांना तो नसतो. आणि एका व्यक्तीच्या इच्छेवर चाललेलं काम त्या व्यक्तीबरोबर मंदावू शकतं. म्हणून त्यांना नुसता सलाम करून थांबण्यात अर्थ नाही. त्यांची पद्धत उचलायला हवी.

आपल्या मोहल्ल्यासाठी

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवर पसरला. भिवंडी, मालेगावातही तो पोहोचला. लहान लेकरं दगावली. त्यांतल्या अनेकांना गोवराची लस मिळालेली नव्हती किंवा अर्धवट मिळाली होती. ही लस सरकारी केंद्रात मोफत असते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. तरी ती चुकते. कधी कामावरचा खाडा परवडत नाही म्हणून, कधी भाड्याची खोली बदलली आणि कार्ड हरवलं म्हणून, कधी मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेमुळे.

बेगम साहिबा असत्या तर त्यांनी अशा आईला दोष दिला नसता. आधी विचारलं असतं, हिच्या दारापर्यंत कोण जातं? हिचा भरवसा कुणावर आहे? आज दाईच्या जागी आशा ताई आहे, अंगणवाडीच्या बाई आहेत. त्या दारात आल्या तर त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला न लावता बसायला सांगणं, पाणी देणं, मनातली शंका विचारणं, हे आपल्या हातात आहे. मशिदीच्या जुम्म्याच्या एलानात लसीकरणाची तारीख सांगणं आपल्या हातात आहे. मदरशाच्या, शादीखान्याच्या एका खोलीत महिन्यातून एकदा शिबिराला जागा देणं आपल्या हातात आहे. आणि आपली मुलगी नर्सिंगला, डॉक्टरकीला जायचं म्हणाली, तर लग्नाचं वय झालं असं न म्हणणं, हे तर पूर्णपणे आपल्याच हातात आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. कपाटातून, ट्रंकेतून लेकराचं लसीचं कार्ड काढा आणि कोणती जागा रिकामी आहे ते पाहा. एखादा डोस राहिला असेल तर उशीर झाला म्हणून लाजू नका, जवळच्या केंद्रात जाऊन विचारा. अल्लाह सुलतान जहाँ बेगम यांना मगफिरत देवो आणि आपल्या सगळ्यांच्या लेकरांना सलामत ठेवो. आमीन.